दिवसा वाचलेलं रात्री मुरतं

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास सकाळी डोक्यात पक्का बसल्यासारखा वाटतो आणि आठवड्याभरात त्यातलं फारसं काही उरत नाही. याचं खापर आपण घोकंपट्टीवर फोडतो. तिचा दोष आहेच, पण सगळा नाही. बुडालेल्या झोपेचाही त्यात मोठा वाटा असतो, कारण पुस्तक मिटलं म्हणजे शिकणं संपलं असं होत नाही. पुढचं बरंच काम मेंदू आपण झोपल्यावर करतो. आज हे ठामपणे म्हणता येतं, पण तिथवर पोचायला अनेक दशकं लागली.

१९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला लावल्या. अर्थ असलेले शब्द घेतले की जुन्या ओळखीची मदत होते, म्हणून निरर्थक अक्षरं. ही युक्ती हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाची. त्याने स्वतःवरच असे प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा वेग मोजला होता. कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांची उजळणी कधी जागेपणीच्या काही तासांनंतर घेतली गेली, कधी तेवढ्याच तासांच्या झोपेतून उठवून. आठ तास जागेपणी गेले, तर दहापैकी जेमतेम एखादा गट आठवे. तेच आठ तास झोपेत गेले, तर निम्मे तरी शाबूत असत.

दोघांनी याचा साधा अर्थ लावला. झोपेत नवं काही कानावर पडत नाही, त्यामुळे जुनं पुसलं जात नाही, एवढंच. म्हणजे झोप फक्त राखण करते, स्वतः काही करत नाही. हा समज पुढे बरीच वर्षं टिकला.

तो का बदलला हे समजायला एका रुग्णाची गोष्ट मध्ये आणावी लागते. १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या एका भागाचा, बराचसा हिस्सा काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणं जवळपास थांबलं. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला, तर तो त्याच्यासाठी अनोळखी असे. बालपणीचं मात्र त्याला आठवत होतं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. हे काम भल्याभल्यांना गोंधळात टाकतं, कारण हात नेमका उलट्या दिशेला जातो. मोलेसनचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. तरी दर वेळी त्याला हे काम आपण पहिल्यांदाच करतोय असंच वाटे. मला हा प्रयोग मानसशास्त्रातल्या सर्वांत बोलक्या प्रयोगांपैकी एक वाटतो. हाताला येणारं कौशल्य वेगळं आणि ‘काल मी हे केलं’ ही आठवण वेगळी, हे त्याने डोळ्यांसमोर दाखवून दिलं.

यावरून पुढे एक चित्र तयार झालं. हिप्पोकॅम्पस ही दिवसभराच्या नोंदींची कच्ची वही आणि मेंदूचा बाहेरचा सुरकुतलेला थर, म्हणजे कॉर्टेक्स, ही पक्की वही. प्रश्न उरला तो कच्च्यातून पक्क्यात उतरवण्याचं काम कधी होतं हा.

उत्तराचा पहिला धागा उंदरांकडून मिळाला. उंदीर एखाद्या मार्गाने फिरतो, तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही चेतापेशी ठरावीक जागी आल्यावरच पेटतात, म्हणजे सक्रिय होतात. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखवलं, की फिरताना ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्या नंतरच्या गाढ झोपेतही पुन्हा एकत्र पेटतात. पेटण्याचा क्रमही तोच असतो आणि वेग कित्येक पटींनी जास्त, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. उंदीर पडून असतो आणि त्याच्या मेंदूत दिवसाचा प्रवास पुन्हा चालू असतो!

पण मग ही उजळणी जागेपणी सारखी का चालू नसते? इथे मेंदूचं रसायनशास्त्र येतं. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात, ते बहुतांशी रसायनांच्या मार्फत. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून नसा हृदयाला रसायनातून निरोप देतात हे सिद्ध केलं. प्रयोगाची कल्पना आपल्याला रात्री झोपेत सुचली, असं ते सांगत. त्यांना सापडलेलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, आणि आपल्या विषयात नेमकं तेच महत्त्वाचं आहे. जागेपणी मेंदूत त्याचं प्रमाण भरपूर असतं आणि तेव्हा हिप्पोकॅम्पस बाहेरून येणारी माहिती टिपण्यात गुंतलेला असतो. गाढ झोपेत ते अगदी खाली येतं. टिपणं थांबतं आणि उलटा प्रवाह मोकळा होतो, हिप्पोकॅम्पसकडून कॉर्टेक्सकडे. पुढे स्वप्नांची, डोळे भिरभिरवणारी ‘रेम’ झोप लागली, की ॲसिटिलकोलिन पुन्हा वर चढतं.

ही नुसती कल्पना नाही, तिची परीक्षा झाली आहे. गाइस आणि बॉर्न या जर्मन संशोधकांनी २००४ साली लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि आरशात बघून गिरवण्याचा सरावही दिला. मग त्यांच्या गाढ झोपेच्या वेळात औषध देऊन ॲसिटिलकोलिनचं प्रमाण मुद्दाम चढं ठेवलं. माणसं झोपली होती, पण शब्दजोड्यांना झोपेचा मिळायचा तो फायदा मिळाला नाही. आरशातल्या गिरवण्यावर औषधाचा परिणाम झाला नाही. मोलेसनच्या हाताला हिप्पोकॅम्पसची गरज पडली नव्हती, त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. नुसतं डोळे मिटून पडणं पुरेसं नसतं, त्या वेळी मेंदूत योग्य रसायनाची ओहोटीही यावी लागते. झोप फक्त राखण करते, हे म्हणणं इथे मागे पडलं.

तीन वर्षांनी बॉर्न यांच्याच गटाने आणखी सुंदर प्रयोग केला. पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवताना लोकांना गुलाबाचा वास दिला आणि त्याच रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. झोपण्यापूर्वी पाठ झालेल्या जोड्यांपैकी सुमारे ९७ टक्के त्यांना नंतर आठवल्या. झोपेत वास मिळाला नाही, तेव्हा सुमारे ८६ टक्के. रेम झोपेत वास देऊन काहीच फरक पडला नाही. झोपेत ध्वनिफीत लावून नवा धडा शिकता येतो, ही जुनी आशा मात्र यातून खरी ठरत नाही. जागेपणी जे शिकलोच नाही, ते झोपेत पक्कं कसं होणार?

जागरणाचा हिशोबही रसायनांचाच आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप अनावर होऊ लागते. कॉफीतलं कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे झोप आल्याचं कळत नाही, पण साठा वाढतच राहतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळची कॉफी म्हणूनच मध्यरात्रीही आपलं काम करत असते.

आणि ही सगळी गणितं वयानुसार बदलतात. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप रेमसारखी असते, मोठ्यांची पाव किंवा त्याहून कमी. झोपेत बाळाची बोटं, ओठ, पापण्या सारख्या थरथरतात. उंदरांच्या पिल्लांवरच्या अभ्यासांत दिसलंय, की अशा प्रत्येक हिसक्याची खबर मेंदूकडे परत जाते. आपलं शरीर कसं आहे, याचा नकाशा मेंदू त्यातून घडवत असावा.

किशोरवयात वेगळीच अडचण येते. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवू लागतं. मुलगा किंवा मुलगी रात्री अकराला टक्क जागी असते ती हट्टाने नव्हे, तिच्या शरीराची रात्रच उशिरा सुरू होते. तिला पहाटे हलवून उठवलं, की रात्रीचा शेवटचा भाग कापला जातो आणि रेम झोपेचा मोठा हिस्सा त्याच भागात असतो. या मुलांना आपण आळशी म्हणतो याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली, की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. झोपेची वेळ पुढे सरकणं साधारण विसाव्या वर्षाच्या सुमारास थांबतं आणि मग ती हळूहळू अलीकडे येऊ लागते.