स्प्लिट केल्यावर गिटार घूंऽऽ का करते?

'हमबकर स्प्लिट केला की सिंगल कॉइल फुकटात मिळतो' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहितोच. हमबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा दोन कॉइलचा पिकअप (स्ट्रिंगची हालचाल विजेत बदलणारा भाग), सिंगल कॉइल म्हणजे एकाच कॉइलचा, आणि स्प्लिट करणं म्हणजे हमबकरमधली एक कॉइल बंद करणं. लोक हौसेने पुश-पुल पॉट (वर ओढला की स्विचचं काम करणारा नॉब) बसवून घेतात, नॉब वर ओढतात आणि अँपमधून घूंऽऽ सुरू झालं की गिटार बिघडली म्हणून परत दुकानात. बिघडलेलं काही नसतं हो, हम (म्हणजे ती घूंऽऽ) मारणारी रचनाच आपण तोडलेली असते.

ही रचना मला जाम आवडते. पिकअप म्हणजे चुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची स्टीलची स्ट्रिंगही थोडी चुंबक बनते, ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि व्होल्टेज तयार होतं, शाळेतला फॅरेडेचा नियम. पण घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचं क्षेत्रही सतत बदलतच असतं आणि कॉइल तेही तितक्याच इमानदारीत पकडते. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला त्यात दोन कॉइल शेजारी आहेत, एकीचा उत्तर ध्रुव स्ट्रिंगकडे, दुसरीचा दक्षिण, शिवाय दुसरीची जोडणी उलटी. आता बघा, हमला ध्रुवाशी देणंघेणं नाही, तो फक्त जोडणीमुळे एकदा उलटतो, म्हणून अधिक एक आणि उणे एक, बेरीज शून्य. स्ट्रिंगचा सिग्नल मात्र ध्रुवामुळे एकदा आणि जोडणीमुळे पुन्हा एकदा उलटतो, उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं, बेरीज दुप्पट! स्प्लिट केलं की एक कॉइल गप्प, मग हमला खोडणार कोण?

म्हणून माझं मत, चार वायरींचा (दोन्ही कॉइलची दोन्ही टोकं बाहेर आणलेला) हमबकर असेल तर दोन कॉइल नेहमीसारख्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडण्याऐवजी आधी पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी, जोडून बघा. दोन्ही कॉइल चालू राहतात, हम खोडला जातो, आवाज थोडा कमी पण लख्ख. लख्ख का, तर पिकअपचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा विरोध) आणि केबलचं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला उठाव देतात आणि त्याच्या वरचं कापलं जातं. ढोबळ धरा, सिरीजमध्ये 4 हेन्री, स्प्लिटला 2, पॅरललला 1, आणि पाचेक मीटर केबलचे 500 पिकोफॅरड, तर हा उठाव अनुक्रमे साधारण साडेतीन, 5 आणि 7 किलोहर्ट्झला येतो (इंडक्टन्स पाव झालं की फ्रिक्वेन्सी दुप्पट, कारण सूत्रात वर्गमूळ आहे). जाड डिस्टॉर्शनला सिरीजच बरी.

यात गिटारच्या आतल्या वीतभर वायरीचा कुठे संबंध आला? तरी 'व्हिंटेज' कापडी वायरने टोन उबदार होतो म्हणून चढ्या भावाने विकतात. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, त्यापेक्षा केबल आखूड घ्या, फरक खरंच ऐकू येईल.

रंग मात्र जपून. पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी सेमूर डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नल नेणारी), डिमार्झिओमध्ये लाल, आणि एकाचा डायग्राम दुसऱ्याला लावून एक कॉइल उलटी जोडली गेली तर सिग्नल खोडला जातो आणि हम दुप्पट, म्हणजे नेमकं उलटं. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर लावून वायरींच्या जोड्या शोधा, दोन्ही कॉइल सारख्या असतील आणि एकेकीला 4 किलोओम दाखवत असेल तर सिरीजला 8 आणि पॅरललला 2 यायला हवेत. मग अँपला लावून दोन्ही कॉइलवर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक करून दोन्ही चालू आहेत का बघा, नंतर स्ट्रिंग वाजवा, पॅरललमध्ये आवाज पातळ, नाकातला आला तर एका कॉइलच्या दोन वायरी आपसात बदला.