बिंगाराचे रॉक्सी आणि ‘ग्रीक कॅफे’ या शब्दाचा गुंता

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात, ग्वायडर नदीकाठी बिंगारा हे छोटेसे गाव आहे. आधी सोन्यासाठी माणसे आली, पुढे मेंढ्या आणि गहू यांवर गाव तगले. तिथल्या पेठेत 1936 च्या मार्चमध्ये रॉक्सी थिएटर सुरू झाले. त्याला लागूनच कॅफे आणि दुकाने. बांधणारे तिघे भागीदार ग्रीसच्या किथिरा बेटावरचे. रॉक्सी हे नाव न्यूयॉर्कच्या 1927 सालच्या अवाढव्य चित्रपटगृहामुळे जगभर गेले. मुंबईतही एक रॉक्सी होतेच.

या इमारतीचे महत्त्व सांगताना बहुतेक जण आर्ट डेको या त्या काळच्या भौमितिक शैलीतल्या सजावटीपासून सुरुवात करतात. प्रेक्षागृहातली रंगीत प्लास्टरची नक्षी आणि रंगीत दिव्यांची योजना पाहिली की ते पटतेही. पण तशी थिएटरे त्या काळात पुष्कळ झाली. रॉक्सीचे वेगळेपण शेजारच्या कॅफेत आहे, आणि खरा गुंता ‘ग्रीक कॅफे’ या शब्दात.

ग्रीक कॅफेत ग्रीक जेवण मिळत नसे. मिळायचे ते स्टेक आणि अंडी, चॉप्स, चहा, पाव-लोणी. गोड पदार्थ आणि सोडा फाउंटन अमेरिकी वळणाचे. धातूच्या उंच पेल्यात घुसळलेला मिल्कशेक तर या मंडळींनीच देशभर नेला. चार पेन्समध्ये तो विकणारा सिडनीचा पहिला मिल्क बार 1932 मध्ये एका ग्रीक माणसाने काढला होता. घरी ऑलिव्ह तेलात शिजायचे आणि दुकानात चरबीत तळायचे, असा हा संसार. बिंगाराच्या पेढीचे नावही इंग्रजीच होते: पीटर्स अँड कंपनी.

याला नुसती धंद्याची हुशारी म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धात ग्रीसचा राजा तटस्थ राहिला, त्याचा राग ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांवर निघाला. 1916 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्ली गावात त्यांची दुकाने फोडली गेली आणि सरकारने देशातल्या ग्रीकांची गुप्त मोजदाद केली. ज्याने हे पाहिले किंवा ऐकले, तो गावात दुकान थाटताना आपले ताट गिऱ्हाइकापुढे कशाला ठेवील? म्हणून या कॅफेचे ग्रीकपण भिंतीत, फर्निचरमध्ये किंवा मेन्यूत शोधून सापडत नाही. ते गल्ल्यामागच्या माणसांत होते. माणसे गेली की इमारत मुकी होते, आणि वारसा ठरवणाऱ्यांपुढची अडचण हीच असते. वारसा कसा जपावा हे सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या 1979 च्या बुरा सनदेने सौंदर्य आणि इतिहासाच्या बरोबरीने सामाजिक मूल्यही मोजायला सांगितले, तेव्हा कुठे अशा जागांची बाजू मांडता येऊ लागली.

रॉक्सीच्या बाबतीत आणखी एक पेच होता. गावातल्या दुसऱ्या चित्रपट व्यावसायिकाशी चढाओढ करताना भागीदार कर्जात बुडाले आणि 1936 सालीच पेढीचे दिवाळे निघाले. म्हणजे ‘ग्रीक’ म्हणून जपायचे ते जेमतेम काही महिन्यांचे पर्व. थिएटर मात्र 1958 पर्यंत चालले. मग जीर्णोद्धार कोणत्या सालाचा करायचा? सर्व काळांच्या खुणांचा मान राखावा, असे तीच सनद सांगते. तरीही 1936 चे रूप निवडले गेले ते योग्यच झाले, असे मला वाटते. चार दशके रॉक्सीत कधीमधीच काही व्हायचे. एवढा काळ वास्तू उभी राहिली आणि ज्यांनी ती हौसेने बांधली त्यांचेच नाव पुसले गेले, तर तो दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरला असता.

स्थानिक पालिकेने 1999 मध्ये थिएटर विकत घेतले. 2004 मध्ये ते पुन्हा उघडले. कॅफेला 2011 उजाडले, आणि 2014 मध्ये तिथेच ऑस्ट्रेलियातल्या ग्रीक कॅफेंचे संग्रहालय सुरू झाले. ‘ग्रीक’ हा शब्द आता इमारतीच्या नावातच आहे.