दारू सोडल्यानंतरचा तिसरा दिवस

आपल्याकडे गावात दारू सोडायची एक ठरलेली रीत आहे. पोळा, नवरात्र किंवा एखाद्या सप्ताहाचा काला गाठायचा, देवळात नारळ फोडायचा, गळ्यात तुळशीची माळ घालायची आणि चार लोकांसमोर सांगायचं, 'आजपासून बंद.' गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज ज्या मुलखात दारूविरुद्ध कीर्तनं-भजनं करत फिरले, तिथे या शपथेला मोठं वजन आहे. अशी शपथ घेऊन दारू कायमची सुटलेली माणसं गावोगावी सापडतात.

पण काही घरांत त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भलतंच घडतं. माणूस रात्रभर झोपत नाही. घामाने अंथरूण भिजतं. हात इतके थरथरतात की कपबशी धरवत नाही. मग तो भिंतीवर किडे दाखवू लागतो, खाटेखाली साप आहे म्हणतो, मेलेल्या बापाशी बोलतो. एखाद्याला मिरगीसारखा झटका येतो. कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, कोणी म्हणतं शपथ बाधली. त्याला मांत्रिकाकडे नेतात, नाही तर कोणीतरी धावत जाऊन पव्वा आणतो. घोटभर पोटात गेल्यावर थरथर कमी होते आणि पाहणाऱ्यांची खात्री पटते की हा दारूशिवाय जगूच शकत नाही.

हे सगळं मेंदूत घडतं, त्याचा क्रम माहीत आहे आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मिळणारं औषध आहे. ही गोष्ट घराघरात पोचलेली नाही, म्हणून हा लेख.

मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, त्याचं नाव गाबा. पेशींना चेतवणारं दुसरं असतं, ते ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. म्हणून पहिल्या घोटानंतर अंग सैल पडतं, दिवसभराची धास्ती विरते. पण मेंदूला आपला तोल राखायचा असतो. रोज दारू येऊ लागली की तो गाबाला कमी प्रतिसाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटची बाजू वाढवत नेतो. ही रस्सीखेच आहे. एकीकडून दारू ओढते, म्हणून मेंदू दुसरीकडून तेवढ्याच जोराने ओढायला शिकतो. वर्षानुवर्षं असं चाललेलं असताना एका दिवसात दारूने दोर सोडला तर मेंदू आपल्याच जोराने मागे कोसळतो. चेतवणारं रसायन मोकाट सुटतं. थरथर, घाम, धडधड, झटके, भास हे सगळं त्यातून येतं.

याची वेळही साधारण ठरलेली असते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांनी हात कापू लागतात, मळमळ सुटते, झोप उडते. झटके बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात. सर्वांत धोक्याची अवस्था साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. ताप चढतो, रक्तदाब वाढतो, दिवस-रात्रीचं भान राहत नाही. डॉक्टर तिला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. दारू सोडणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ती गाठते, पण उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो.

हाच प्रकार शपथ न घेताही घडतो. शेतात पडून पाय मोडला, रुग्णालयात भरती केलं, ऑपरेशन नीट झालं आणि तिसऱ्या रात्री माणूस सलाईन उपटून पळू लागला. घरच्यांनी लाजेपोटी दारूचं सांगितलेलंच नसतं. दारूबंदीच्या जिल्ह्यांत ही लाज जास्त, कारण तिथे पिणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखं वाटतं. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी असो वा नसो, भरती करताना डॉक्टरला खरं सांगा: रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी झटका आला होता का. एवढ्या माहितीने जीव वाचतो.

आता ओळखायचं कसं? आपण बहुतेक संध्याकाळकडे पाहतो. कोण रस्त्यात पडला, कोणी बायकोला मारलं, कोणी शिव्या दिल्या, त्याला आपण दारुडा म्हणतो. माझं म्हणणं आहे, सकाळकडे पाहा. डोळे उघडल्यावर हात कापतात का? दात घासताना उमासे येतात का? घोटभर घेतल्याशिवाय विळा किंवा स्टिअरिंग धरवत नाही, असं आहे का? 'सकाळी थोडी घेतल्याबिगर हातच चालत नाही' असं कोणी सहज बोलून गेला, तर त्याचं शरीर दारूवर अवलंबून झालेलं आहे. तो शांत असो, कमावता असो, कोणाशी कधी न भांडणारा असो.

दुसरी खूण आपल्याकडे उलटीच वाचली जाते. 'त्याले चढतच नाही, पचवते तो' असं लग्नाच्या वरातीत कौतुकाने बोलतात. जास्त पिऊनही न चढणं म्हणजे मेंदूने दोर किती ताणून धरला आहे, त्याचं मोजमाप. अशाच माणसाने एकाएकी सोडली तर त्याला जास्त धोका असतो.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले चार साधे प्रश्न आजही जगभर वापरले जातात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? लोक टोकतात तेव्हा राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खंत लागते का? सकाळी उठल्याबरोबर, हात स्थिर व्हावे म्हणून किंवा उतारा म्हणून, घ्यावी लागते का? दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरकडे जावं. माझ्या मते यातला दुसरा प्रश्न घरच्यांना सर्वांत उपयोगी पडतो, कारण बाकीची उत्तरं माणूस लपवू शकतो, चिडणं लपत नाही.

'मी तं फक्त एक पव्वा घेतो' याचाही हिशोब करून पाहा. पव्वा म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत १० ग्रॅमचं एक माप धरतात, म्हणजे ही सहा मापं झाली. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निपटवतं. रात्री नऊला संपवलेला पव्वा पहाटेपर्यंत रक्तात राहतो. मोहाच्या किंवा हातभट्टीच्या दारूचा तर हिशोबच लागत नाही, कारण प्रत्येक भट्टीची तीव्रता वेगळी.

सकाळचा कंप असलेल्या माणसाने एका झटक्यात घरी दारू सोडू नये. आधी दवाखाना, मग शपथ. तिथे डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध देतात. ते मेंदूत गाबाच्याच बाजूने काम करतं. सुरुवातीला पुरेसा डोस देऊन आठवडाभरात तो हळूहळू कमी करत थांबवतात, म्हणजे दोर एकदम सुटत नाही. या गोळ्यांचीही सवय लागू शकते, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. सोबत ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देतात. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आतड्यातून ब१ नीट शोषलं जात नाही आणि त्याच्या अभावी चाल अडखळते, डोळे फिरतात, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर ही इजा वाढू शकते. 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या' म्हणताना हे डॉक्टरला विचाराच.

पहिला आठवडा निघाला म्हणजे काम संपलं असं नसतं. ओढ महिनोन् महिने राहते, आणि तीही मेंदूचीच. ती कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. डायसल्फिराम हे जुनं औषध ओढ कमी करत नाही. ते दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं, त्यामुळे पिताच अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. 'न सांगता भाजीत कालवा, दारू सुटेल' म्हणून बाजारात ज्या पुड्या विकतात, त्यांत काय असतं ते विकणाराच जाणे. त्यात हे औषध असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. नवऱ्यापायी हतबल झालेल्या बाईचा हात अशा पुडीकडे का जातो ते मला कळतं. तरीही हात जोडून सांगतो, चोरून काही देऊ नका.

एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा उपचार मिळतो. विदर्भात उपचाराची दारं नाहीत असं नाही. नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे मनोविकार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू झालं. गावाने दारूविक्री थांबवणं आणि पिणाऱ्याला उपचार मिळणं ही दोन्ही कामं तिथे एकत्र होतात. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्रीही लागतो. दारूच्या नशेत आणि ती उतरतानाच्या उदासीत माणूस क्षणात टोकाचं करून बसतो. म्हणून अशा घरात फवारणीचं औषध हाताशी ठेवू नका, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा.

औषधासोबत माणसंही लागतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचं एकत्र बसणं, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या. आज त्या मराठीतही भरतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. सोडलेला माणूस नुकत्याच सोडणाऱ्याला जे सांगू शकतो, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. मध्येच पुन्हा घसरण झाली तर उपचार फुकट गेले असं समजू नका. गोळी चुकली म्हणून साखर वाढलेल्या माणसाला आपण पुन्हा डॉक्टरकडे नेतो, तसंच इथे न्यायचं.

पिणाऱ्याशी बोलायचं असेल तर सकाळी बोला, नशेत असताना नाही. 'तुमचे हात थरथरतात, मला भीती वाटते, दवाखान्यात सोबत येते' एवढं पुरे. आशाताईंना आधी सांगून ठेवलं तर तारीख आणि गाडी जमते. पहिले पाच दिवस घरातलं एक माणूस सतत जवळ राहील असं पाहा. वेचणीच्या ऐन घाईत ते जमत नाही, म्हणून दिवस आधी ठरवा. पण तो आज स्वतःहून चला म्हणाला, तर कापूस शेतात राहू द्या आणि आजच निघा.