व्यास वेगळा, मऊपणा वेगळा: ई-स्केटबोर्डचं चाक निवडताना

इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या चाकावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात. समजा ९० आणि ७८ए. पहिला चाकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा चाकाच्या पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा कडकपणा; आकडा जेवढा कमी, तेवढं चाक मऊ. रस्ता खराब आहे, कुठलं चाक घेऊ, असं विचारलं की सल्ला ठरलेला: “मऊ घे की भावा.” हा सल्ला अर्धाच आहे. जो अर्धा राहतो, त्यातच माणूस तोंडावर पडतो.

मऊ चाक खड्डा ओलांडत नाही. ते काम व्यासाचं. वाटेत खडा किंवा चेंबरच्या झाकणाची कड आली की चाकाला तिच्यावर चढावं लागतं, आणि चढायला किती जोर लागेल हे चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. कड १० मिलिमीटरची आणि चाक ८० चं असेल, तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या साधारण ८८ टक्के जोर आडवा लागतो. ११० च्या चाकाला ७० टक्के पुरतो, २०० च्या हवेच्या टायरला ४८. आता हाच अडथळा २० मिलिमीटरचा करा. ८० च्या चाकाला वजनाच्या पावणेदोन पट जोर लागतो. म्हणजे बोर्ड जागेवर थांबतो आणि वरचा माणूस पुढे जातो. हा हिशेब न दबणाऱ्या चाकाचा आहे. मऊ पीयू थोडं दबतं, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरने काय होणार? आपल्याकडे गळीत हंगामात ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडकी रस्त्याकडेला असतात, पावसाळ्यानंतर पॅचवर्कची सुटी खडी. तिथे ७४ए लिहिलेलं छोटं चाक काही कामाचं नाही.

मग मऊपणा कशासाठी? रस्त्याच्या खरखरीसाठी. डांबर वरून सपाट दिसतं, पण बारीक खडी वर आलेली असली की तळपायाला सतत झिणझिण लागते, पाच मिनिटांत पाय बधिर. ही थरथर मऊ पीयू पिऊन टाकतं. पकडही वाढते, कारण ते रस्त्याच्या खाचांत बसतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा फाउंड्रीत काम केलेल्यांना ब्रिनेल हार्डनेस ठाऊक असतो, धातूत गोळी दाबून खुणेचा व्यास मोजायचा. रबर आणि पीयूसाठी शोअर ए: स्प्रिंगवरची पिन दाबायची आणि ती किती आत जाते ते पाहायचं. पूर्ण गेली तर शून्य, अजिबात गेली नाही तर १००. पार्कात उड्या मारायच्या साध्या स्केटबोर्डची चाकं ९९ए ते १०१ए, आपल्या बोर्डाची बहुधा ७४ए ते ८०ए. फार मऊ चाक लवकर झिजतं, आणि वजनदार माणसाखाली सतत दबत राहिल्यामुळे बॅटरी खातं. नव्वद किलोच्या माणसाने ७४ए घेऊ नये असं माझं मत. ७८ए किंवा ८०ए बरं.

दोन्हींनी सवारी सुखाची होते, म्हणून घोळ होतो. पण मऊपणा वाढवला तर बॅटरी थोडी जास्त जाते, बाकी मोटरला फारसं कळत नाही. व्यास वाढवला की सगळं गणित बदलतं. ९० वरून ११० वर गेलात तर मोटरच्या त्याच फेऱ्यांत वेग साधारण २२ टक्क्यांनी वाढतो, आणि रस्त्यावर पोचणारा जोर १८ टक्क्यांनी घटतो. चढाला बोर्ड दम टाकतो, हे लगेच लक्षात येतं. ब्रेकही तेवढाच कमी होतो, हे मात्र उतारावर गेल्यावरच कळतं. मोटरचाच ब्रेक असलेल्या बोर्डावर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. मोटर बेल्टने चाक फिरवत असेल तर उपाय पुलीचा: चाकाची पुली ३६ दातांची असेल तर आधीचा जोर टिकवायला ४४ दातांची लागते, बेल्टही मग लांब. अशी पुली करून देणारे वर्कशॉप कोल्हापुरात शोधावे लागत नाहीत. दाते मात्र बेल्टच्या मापाचेच हवेत, आणि चाकाच्या गाभ्याच्या खाचा मोजून न्या. वळताना मोठं चाक डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला घासत असेल तर डेक आणि ट्रक (चाकांचा आस धरणारा भाग) यांच्यामध्ये रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी चकती घाला.

हब मोटरवाल्यांची, म्हणजे ज्यांची मोटर चाकातच असते त्यांची अडचण वेगळी. त्यांचं मागचं चाक म्हणजे मोटरवर चढवलेली पीयूची पातळ स्लीव्ह. ७८ए लिहिलेलं असलं तरी दबायला जाडीच नाही, म्हणून ते कडकच लागतं. अशा बोर्डावर आकडा बघून मऊ स्लीव्ह मागवण्यात पैसे जातात, फरक थोडा पडतो.

शहरातल्या रोजच्या रस्त्याला बेल्टच्या बोर्डावर मी १०५ ते ११० व्यास आधी ठरवेन, मग ७८ए च्या आसपास बघेन. खेड्याकडच्या वाटेला जायचं असेल तर पीयूचा नाद सोडून हवेचे ६ किंवा ७ इंची टायर घ्या. पंक्चर काढावं लागेल, रेंजही घटेल. चाक बदलल्यावर कंट्रोलरच्या ॲपमध्ये नवा व्यास भरायला विसरू नका, नाहीतर ९० वरून ११० वर गेल्यावर तो ताशी ३० किलोमीटर दाखवेल तेव्हा तुम्ही जवळपास ३७ ने पळत असाल.