आईने टाकलेली चिंचिलाची पिल्ले वरच्या दुधावर वाढवणे

चिंचिला या मऊ फरच्या, कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्याच्या मादीने जवळ न घेतलेल्या, किंवा तिला पान्हा न फुटल्याने, ती आजारी पडल्याने वा दगावल्याने पोरक्या झालेल्या नवजात पिल्लांना माणसाने ऊब आणि वरचे दूध देऊन जगवणे. अशी वेळ रोज येत नाही, पण आली की तयारीला फुरसत मिळत नाही. उपाशी आणि गारठलेले पिल्लू काही तासांतच हातचे जाते.

चिंचिला हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. मऊ फरसाठी त्याची इतकी शिकार झाली, की १९१० मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू या देशांना करार करून ती थांबवावी लागली. रानात तो आजही संकटग्रस्त आहे. मॅथायस चॅपमन या खाण अभियंत्याने १९२३ मध्ये चिलीतून थोडेसे चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. कोरड्या, थंड डोंगरातला हा वारसा पिल्लू वाढवताना पदोपदी आडवा येतो आणि उपयोगीही पडतो.

गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो. एवढ्याशा जीवाच्या मानाने तो फार लांब आहे. त्यामुळे पिल्लू जन्मते तेच तयार होऊन: अंगभर केस, उघडे डोळे, हिरड्यांतून वर आलेले दात. काही तासांत ते धावू लागते. एका वेळी बहुधा १ ते ३ पिल्ले होतात आणि प्रत्येकाचे वजन साधारण ३० ते ६० ग्रॅम भरते. मादी घरटे बांधत नाही. तिचे पोट हेच पिल्लांचे घरटे असते. आईने टाकलेल्या पिल्लाची पहिली उणीव म्हणूनच दुधाची नसते, ऊबेची असते.

खरेच टाकले आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत शांतपणे विचारायला हवा, कारण घाईने उचललेली कित्येक पिल्ले टाकलेली नसतातच. मादी व्याली की तिचे नाक, तोंड आणि पुढचे पाय रक्ताने माखलेले दिसतात. ती वार खाते आणि पिल्लाला बाहेर काढायला दातांची मदत घेते. तिने पिल्लालाच चावले असे समजून लोक घाबरतात. दुसरी गफलत दुधाची. काही माद्यांना, विशेषतः पहिलटकरणींना, दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात. अशी मादी पिल्लाला पोटाखाली घेते, चाटते, फक्त पाजू शकत नाही. तिच्यापासून पिल्लू काढून घेणे म्हणजे असलेली आई हिरावून घेणे. पिल्लू तिच्याकडेच ठेवून दूध तेवढे आपण पाजावे. पिल्लू ओढत राहिले तर पान्हा फुटण्याची आशा असते.

खरोखर टाकलेले पिल्लू ओळखता येते. ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकटे, बऱ्याचदा ओलेच पडलेले असते. आई त्याला हुंगून निघून जाते, ढकलते किंवा त्याच्यावर दात काढते. भुकेले पिल्लू आधी सतत चिवचिवते. त्यानंतरचे गप्प होणे हे पोट भरल्याचे लक्षण नसते, शक्ती संपल्याचे असते. तरतरीत पिल्लाची शेपटी वर वळलेली असते. ती सरळ खाली लोंबत असेल, पाठीला कुबड आले असेल, तर थांबू नये.

आईने नाकारण्यामागे बहुधा कारण असते आणि ते शोधणे हाही उपचाराचाच भाग आहे. आचळ गरम, घट्ट, लालसर लागले तर कासदाह (कासेला येणारी दुखरी सूज) झालेला असू शकतो. त्याला पशुवैद्यच हवा. पिल्ले जास्त झाली की ती आचळांसाठी एकमेकांशी भांडतात. जन्मतःच दात असल्याने भावंडांची नाकतोंडे फुटतात, आचळांना जखमा होतात, आणि वेदनेने आई कुणालाच जवळ करत नाही. इथे दोष आईला देऊ नये. निम्मी पिल्ले आईजवळ आणि निम्मी उबदार पेटीत ठेवून काही तासांनी अदलाबदल केली, तर आईलाही उसंत मिळते आणि वरच्या दुधाचे काम हलके होते. नराचीही दखल घ्यावी लागते. व्याल्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा माजावर येते. नर तिच्या मागे लागतो आणि त्या धावपळीत पिल्ले तुडवली जातात. तो काळ सरला की हाच नर पिल्लांना कुशीत घेऊन बसणारा चांगला बाप ठरतो.

ऊब

गार पिल्लाला दूध पाजायचे नाही. पाळणाऱ्याने एकच नियम पाठ करायचा तर हा करावा. अंग थंड असताना पचन जवळपास थांबलेले असते. पोटात गेलेले दूध तिथेच नासते, आणि गिळण्याचे बळ नसल्याने ते श्वासनलिकेत शिरण्याचा धोका वेगळाच. पिल्लू आधी कोरडे करावे. चिंचिलाच्या केसांच्या एकेका मुळातून पन्नासावर केस येतात, त्यामुळे ओली फर आपोआप लवकर वाळत नाही आणि ओलेपणी ऊब धरत नाही. मऊ कापडाने टिपून पिल्लू कपड्याच्या आत, छातीशी धरावे. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटलीही चालते. ऊब हळूहळू, अर्ध्या-पाऊण तासात यायला हवी. पेटीत गरम बाजू एकच ठेवावी, म्हणजे नको वाटले की पिल्लू सरकू शकते. थंड डोंगरातल्या या प्राण्याला गारठ्याइतकाच उकाडाही मारतो.

दूध आणि पाजण्याची रीत

चिंचिलाचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच घट्ट असते. त्यात चरबी दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. म्हणून साधे गाईचे दूध देऊ नये. त्याने पोट बिघडते आणि पोषणही पुरत नाही. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर, किंवा डबाबंद आटवलेले बिनसाखरेचे दूध तितक्याच उकळून निववलेल्या पाण्यात मिसळून, हे रूढ पर्याय आहेत. गोड कंडेन्स्ड दुधाचा डबा दिसायला तसाच असतो. तो मात्र अजिबात नको. दूध अंगाच्या तापमानाइतके कोमट असावे, उरलेले पुन्हा गरम करून पाजू नये, आणि भांडी दर वेळी उकळून घ्यावीत. जन्मानंतर आईचा चीक थोडासा जरी मिळाला असेल, तरी पिल्लाची बाजू भक्कम होते. म्हणून आई आक्रमक नसेल तर पहिल्या दिवशी एकदा तरी तिच्या अंगावर पाजून पाहावे.

पाजताना पिल्लू कधीही बाळासारखे उताणे धरू नये. ते चारी पायांवर किंवा किंचित उभे, डोके नैसर्गिक स्थितीत असे धरावे. तळहातावर रुमाल टाकला की त्याला पुढच्या पायांनी पकडायला काहीतरी मिळते. ड्रॉपर किंवा १ मिलिची सुई नसलेली सिरिंज ओठांच्या कडेशी न्यावी आणि एकच थेंब बाहेर येऊ द्यावा. पिल्लू तो चाटते. जीभ आत जाते, गळा हलतो, मग दुसरा थेंब. दोन-चार वेळा झाले की ते स्वतःच सिरिंज दोन्ही पंज्यांनी धरून ओढू लागते. नेमकी इथेच चूक होते, कारण त्याच्या आवेगाला भुलून आपण दट्ट्या दाबतो. नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर लगेच थांबावे, डोके खाली करून नाक टिपावे आणि श्वास नीट होईपर्यंत दुसरा थेंब देऊ नये. पुढे श्वासात टिकटिक किंवा घरघर ऐकू आली, तर दूध फुफ्फुसात गेले असे समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. वरच्या दुधावरची पिल्ले उपासापेक्षा या ठसक्यानेच अधिक दगावतात, असे जाणते पाळणारे सांगतात, आणि ते खरे मानून वागण्यात शहाणपण आहे.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. सुरुवातीला एका खेपेला अर्धा-एक मिलि दूध पुष्कळ झाले. पिल्लाने तोंड फिरवले की ते पुरे. पाजून झाल्यावर हनुवटी आणि छाती कोमट ओल्या कापसाने पुसून कोरडी करावी, नाहीतर वाळलेल्या दुधाने फर कडक होते आणि कातडी सोलवटते. त्याच कापसाने पोटाखाली आणि गुदाशी हलकेच चोळले की शी-शू होते. आई जिभेने हेच करते.

वजन हाच खरा साक्षीदार. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज ठरावीक वेळी पिल्लू तोलून वहीत नोंद करावी. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. त्यानंतर रोज एक-दोन ग्रॅम जरी वाढले तरी गाडी रुळावर आहे. सलग दोन दिवस वजन उतरले, तर दुधाची मात्रा, घट्टपणा आणि ऊब तिन्ही तपासावीत. पोट फुगणे आणि हगवण या दोन्ही गोष्टी या वयात झपाट्याने जिवावर बेततात. औषध मनाने देऊ नये. पेनिसिलिनसारखी काही प्रतिजैविके तोंडावाटे दिली, तर चिंचिलाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि तेच मरणाचे कारण होते.

दाई आई

माणसापेक्षा दुसरी दुभती मादी केव्हाही बरी. त्याच सुमारास व्यालेली चिंचिला मिळाली, तर तिच्या पिल्लांच्या अंगाचा वास नव्या पिल्लाला चोळून ते हळूच त्यांच्यात मिसळवतात. पहिला तासभर तिथून हलायचे नाही. गिनीपिगची मादीही दाई म्हणून चालते. तिचीही पिल्ले केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात.

दाई मिळो न मिळो, पिल्लू एकटे वाढवू नये. भावंड, बाप, दूध नसलेली आई, कुणाच्या तरी अंगाला लागून ते झोपले पाहिजे. मोठ्यांच्या ताज्या लेंड्या ते तोंडात घेते, त्यालाही अडवू नये. त्यातूनच गवत पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात पोचतात. आठवड्याभरात ते वाळलेले गवत कुरतडू लागते, म्हणून चांगल्या प्रतीचे गवत पहिल्या दिवसापासून समोर असावे. पुढे खाद्याच्या चुऱ्यापासून केलेल्या गोळ्या (पेलेट) आणि पाणीही ठेवावे. धूळस्नान (अंग स्वच्छ करायला बारीक धुळीत लोळणे) मात्र आईलाही आठवडा-दहा दिवस बंद ठेवतात, कारण बारीक धूळ तिच्या जननमार्गात आणि पिल्लांच्या डोळ्यांत जाते.

दुसऱ्या आठवड्यापासून पाजण्यातले अंतर वाढवत नेतात आणि रात्रीच्या खेपा आधी कमी करतात. अंगावरचे तोडण्याचे वय ६ ते ८ आठवडे. वरच्या दुधावरचे पिल्लूही याच सुमारास सुटते, पण तारखेकडे न बघता ते गवत आणि गोळ्या किती खाते आणि वजन टिकते का हे बघावे. ८ आठवड्यांच्या आसपास नर पिल्ले आईपासून आणि बहिणींपासून वेगळी काढावी लागतात. ती लवकर वयात येतात.