पर्यटन-प्रतिमा आणि ब्रँडिंग (नाशिकच्या संदर्भात)

एखादा देश किंवा गाव पाहण्याआधीच त्याचे जे चित्र मनात तयार असते, ती पर्यटन-प्रतिमा. ऐकीव गोष्टी, शाळेची पुस्तके, बातम्या, जाऊन आलेल्या नातेवाइकांची वर्णने यांतून ती बनत जाते. जाहिरात त्यात मागाहून शिरते. आपसूक घडलेली प्रतिमा आणि मुद्दाम घडवलेली प्रतिमा असा भेद अमेरिकी अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२मध्ये केला. ब्रँडिंगचा, म्हणजे ठिकाणाची ठरावीक ओळख लोकांच्या मनात ठसवण्याचा खटाटोप दुसरीसाठी असतो, पण पहिलीचा आधार नसेल तर तो पैसा पाण्यात जातो.

केरळने १९८९मध्येच ‘गॉड्स ओन कंट्री’ हे बिरूद घेतले होते. देशपातळीवर २००२मध्ये ‘इन्क्रेडिबल इंडिया’ ही जाहिरात-मोहीम आली. ‘इंडिया’तल्या इंग्रजी ‘आय’च्या जागी उद्गारचिन्ह टाकण्याची त्यातली युक्ती लोकांच्या लक्षात राहिली. ताजमहाल, योग, राजस्थान, बॅकवॉटर ही त्या चित्रातली ठळक ठिकाणे. त्यात न बसणाऱ्या नाशिकसारख्या शहराला आपली ओळख स्वतःच मांडावी लागते.

नाशिकची जुनी ओळख जाहिरातीशिवाय झाली. शूर्पणखेच्या नाकाची कथा, पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वरचे ज्योतिर्लिंग आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ एवढे भांडवल त्याला पुरले. रामकुंडावर तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, जुनी चोपडी काढतात, आणि कधीकधी त्यात पणजोबांची सही सापडते. असे घराघराशी जोडलेले नाते कोणत्याही जाहिरात कंपनीला उभारता आलेले नाही. मोगलांनी शहराला ‘गुलशनाबाद’ हे नाव दिले होते. सरकारी शिक्का असूनही ते टिकले नाही, कारण लोकांच्या तोंडी नाशिकच होते.

नावाने प्रतिमा कशी वळते याचा उलटा नमुना शहराच्या दक्षिणेला आहे. पांडवलेणी ही बौद्ध लेणी. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे, आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी कोरून ठेवली आहे. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. तरी रूढ नावामुळे बहुतेक पाहुणे पांडव शोधतच पायऱ्या चढतात, आणि सातवाहनांचा एवढा मोठा ऐवज दुर्लक्षित राहतो.

घडवलेल्या प्रतिमेचे ठळक उदाहरण म्हणजे वाईन. द्राक्षे नाशिकला आधीपासून होती, पण ती खाण्याची. राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, त्याच सुमारास वायनऱ्या उभ्या राहू लागल्या, आणि पुढच्या दशकात ‘भारताची वाईन राजधानी’ हे बिरूद रूढ झाले. सुला या इथल्या वायनरीच्या बाटलीवरचा मिशीवाला सूर्य आज नाशिक कधी न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतो. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते ती त्यामुळेच. ‘भारताची नापा व्हॅली’ ही उपमा मात्र कॅलिफोर्नियातल्या वाईनच्या खोऱ्यावरून उसनी घेतलेली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बाग काढणीला आल्यावर इथे जे दिसते, ते आपल्याच शब्दांत सांगता येण्यासारखे आहे.

तीर्थ आणि वाईन या दोन प्रतिमा एका पोस्टरवर नांदत नाहीत. एकाच कुटुंबातली आजी रामकुंडावर थांबते आणि नातू वायनरी गाठतो, तेव्हा त्यांचे दोन वेगळे नाशिक होतात. त्यामुळे सिंहस्थाच्या काळात पहिलीचा आवाज चढतो, एरवी दुसरीचा.

वाईट बातमीही प्रतिमा घडवते. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. कुंभमेळ्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले २०१७मध्ये. पण नाशिककरांच्या मनात घाटावरच्या गर्दीची ती भीती आजही आहे, आणि मेळ्याची तयारी पुरती कितपत झाली हे ते पोस्टरवरून ठरवत नाहीत. घाट, पूल आणि गोदावरीचे पाणी पाहून ठरवतात.

नाशिक जिल्ह्यातल्याच नांदूर मधमेश्वरला पाणपक्ष्यांमुळे ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. २०२०मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, पण शहराच्या जाहिरातीत त्याला अजून फारशी जागा नाही.