डीजे मिश्रित संकलन

डीजे मिश्रित संकलन : अनेक कलावंतांच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या रचना एका डीजेने निवडायच्या, त्यांची लय एकमेकींशी जुळवायची आणि एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळून मध्ये कोठेही खंड न पडू देता त्या सलग मांडायच्या, अशा पद्धतीने तयार केलेला अल्बम. मूळ रचनांचे श्रेय त्यांच्या निर्मात्यांकडेच राहते. मुखपृष्ठावर मात्र नाव डीजेचे येते. साध्या संकलनात संपादकाचे काम निवड आणि क्रम ठरवण्यापाशी थांबते. येथे दोन रचनांमधला सांधा हीदेखील डीजेची निर्मिती असते, आणि कित्येक संकलने त्या सांध्यांसाठीच ऐकली जातात. टेक्नो व इलेक्ट्रो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारांत हा प्रकार साधारणतः १९९३ ते २००५ या काळात बहरला. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावरच असून हाउस, ट्रान्स आणि हिपहॉपमधील संकलनांचा उल्लेख संदर्भापुरता केला आहे.

उगमाचा प्रश्न : पहिले मिश्रित संकलन कोणते, याबद्दल एकमत नाही. उत्तर बरेचसे व्याख्येवर अवलंबून राहते. केवळ सलगपणा हा निकष धरल्यास मान जर्मन वाद्यवृंदप्रमुख जेम्स लास्ट यांच्याकडे जातो. १९६५ पासून निघालेल्या त्यांच्या ‘नॉन स्टॉप डान्सिंग’ मालिकेत लोकप्रिय गाणी एकापाठोपाठ एक, न थांबता येतात आणि मागे मेजवानीतला गलबलाही ऐकू येतो. परंतु ही सर्व गाणी एकाच वाद्यवृंदाने नव्याने वाजवलेली आहेत. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण हीच ज्याची सामग्री आहे, त्या कलेशी त्यांचा संबंध दूरचा आहे.

दुसरे मत डिस्कोच्या बाजूचे आहे. न्यूयॉर्कमधील सँक्च्युअरी या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो १९७० च्या आसपास दोन तबकड्यांचे ठेके जुळवून वाजवत असत, याबद्दल फारसा वाद नाही. हे कौशल्य तबकडीवर कधी उतरले, हा खरा प्रश्न. १९७४ मध्ये स्प्रिंग कंपनीने काढलेल्या ‘डिस्को पार्टी’ या संकलनाला काही अभ्यासक पहिले सलग संकलन मानतात. १९७५ च्या आरंभी आलेल्या ग्लोरिया गेनर यांच्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ या अल्बमची पहिली बाजू टॉम मोल्टन यांनी तीन गाणी जोडून अखंड केली. प्रभावाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची असली, तरी गायिका एकच असल्याने तिला संकलन म्हणता येत नाही. मोल्टन स्वतः डीजे नव्हते. फायर आयलंडवरील एका बारसाठी त्यांनी केलेली ४५ मिनिटांची पहिली फीत टेप कापून व जोडून तयार झाली होती आणि तिला सु. ८० तास लागले, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे ‘खरे’ मिश्रण आणि ‘स्टुडिओत जुळवलेले’ मिश्रण असा जो वाद झडला, त्यात ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही : जुळवाजुळव या प्रकारात अगदी आरंभापासून आहे.

हिपहॉपच्या इतिहासकारांचा कल ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या १९८१ मधील ‘व्हील्स ऑफ स्टील’ या ध्वनिमुद्रिकेकडे असतो. टर्नटेबलांवर (तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर) हाताने केलेल्या मिश्रणाचे ते आद्य व्यापारी ध्वनिमुद्रण आहे यात शंका नाही. मात्र त्याची लांबी जेमतेम सात मिनिटे आहे. त्याच वर्षी नेदरलँड्समधील ‘स्टार्स ऑन ४५’ या गाजलेल्या गाण्यांच्या सलग जोडमालेने जगभर धुमाकूळ घातला. त्याचे मूळ एका चोरट्या मिश्रणाच्या तबकडीत होते. मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क मिळवण्याऐवजी नकलाकार गायकांकडून गाणी पुन्हा गाऊन घेतली गेली, म्हणजे वाट पुन्हा जेम्स लास्ट यांच्याकडेच वळली.

टेक्नो-इलेक्ट्रो परंपरेपुरते पाहिल्यास या सर्वांपेक्षा सयुक्तिक पूर्वज म्हणून मॉर्गन खान यांच्या ‘स्ट्रीट साउंड्स इलेक्ट्रो’ मालिकेचे नाव घ्यावे लागते. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या मालिकेत अमेरिकेतून आयात होणाऱ्या महागड्या बारा इंची तबकड्यांवरील रचना रीतसर परवाने घेऊन एकत्र केल्या जात. मास्टरमाइंड या डीजे गटाकडून त्यांचे मिश्रण करून घेऊन त्या स्वस्त किमतीत विकल्या जात. अनेक कलावंत, डीजेने केलेले मिश्रण, परवाना आणि दुकानातील विक्री या चारही गोष्टी येथे एकत्र दिसतात. पुढे टेक्नोकडे वळलेल्या ब्रिटिश डीजेंच्या एका पिढीला इलेक्ट्रोची ओळख या मालिकेतून झाली. डिस्कोच्या इतिहासांत तिला क्वचितच जागा मिळते.

दोन संगीतप्रकार : इलेक्ट्रोचा उगम सामान्यतः आफ्रिका बंबाटा व सोलसॉनिक फोर्स यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) या रचनेशी जोडतात. तिच्यात जर्मनीतील क्राफ्टवेर्क या गटाच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची धून आणि ‘नंबर्स’चा ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर बांधला आहे. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स व रिचर्ड डेव्हिस यांच्या सायबोट्रॉन या जोडीने १९८३ मध्ये ‘क्लिअर’ काढले. ते इलेक्ट्रो की पहिले टेक्नो, हा प्रश्न वर्गीकरणकारांना अजून सुटलेला नाही. ‘टेक्नो’ हे नाव रूढ करणारे १९८८ मधील ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ हे नील रश्टन यांचे संकलन मात्र मिश्रित नव्हते. त्यातील रचना सुट्या आहेत.

मिश्रणाच्या दृष्टीने दोहोंमधला फरक ठेक्याचा आहे. टेक्नोत चारही मात्रांवर बेस ड्रमचा आघात पडतो. त्यामुळे दोन रचना मिनिट-मिनिटभर एकमेकींवर ठेवता येतात आणि श्रोत्याला सांधा कोठे सुरू झाला हे कळतही नाही. इलेक्ट्रोत आघात तुटक असतात. दोन तुटक ठेके एकत्र वाजले की गोंधळ होतो, म्हणून तेथे छोटे सांधे, झटकन केलेला बदल आणि स्क्रॅचिंग (तबकडी हाताने मागे-पुढे घासून आवाज काढणे) यांवर भर राहतो. एकाच डीजेच्या दोन प्रकारच्या संकलनांत कारागिरी वेगळी भासते, त्याचे मुख्य कारण हे.

तंत्र : मिश्रणाचे प्रमाण साधन म्हणजे टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० एमके२ हा १९७९ चा टर्नटेबल. त्याच्या बाजूच्या सरकत्या दांडीने तबकडीची गती कमाल ८ टक्के वाढवता वा घटवता येते. मिनिटाला १३० ठोक्यांची रचना त्यामुळे ११९.६ ते १४०.४ या टप्प्यात कोठेही नेता येते. गतीबरोबर सूरही हलतो : सु. ६ टक्के बदलाला स्वर एका अर्ध्या स्वरांतराने सरकतो. टेक्नोत स्पष्ट सुरावट कमी असल्याने हा दोष खपून जातो. सुरेल रचनांत तो लगेच कानाला खटकतो. सूर कायम ठेवून गती बदलण्याची सोय पुढे अंकीय यंत्रांनी दिली.

या प्रकाराच्या प्रसारात सीडीचा वाटा मिक्सरइतकाच (दोन तबकड्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राइतकाच) मोठा आहे. विनाइल तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत भरल्यास आवाज क्षीण होतो, आणि बाजू उलटताना सलगपणा तुटतो तो वेगळाच. ध्वनिफीत लांब असे, पण तिच्यात हवी ती रचना शोधणे कटकटीचे. सीडीवर ७४ मिनिटे सलग मावत. शिवाय सीडीतील गाण्यांच्या खुणा ही केवळ स्थाननिर्देशाची माहिती असते, तिने ध्वनीत खंड पडावा लागत नाही. खुणेची सूक्ष्मता सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत जाते. वाहत्या मिश्रणात नवी रचना नेमकी कोठे ‘सुरू’ झाली हे ठरवणे संपादकाच्या मर्जीवर असे : कोणी नव्या रचनेचा पहिला आवाज उमटताच खूण करी, कोणी जुनी पूर्ण विरल्यावर. घरगुती नकलांमध्ये दर खुणेपाशी दोन सेकंदांची शांतता शिरे, ती सीडी लिहिण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे.

मालिका व प्रमुख संकलने : रीतसर संकलने येण्यापूर्वी मिश्रण रेडिओवर आणि हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफितींवर होते. डेट्रॉइटमध्ये जेफ मिल्स १९८० च्या दशकात ‘द विझर्ड’ या नावाने रेडिओवर अतिवेगवान मिश्रणे सादर करीत. ब्रिटनमध्ये ‘मिक्समॅग लाइव्ह’ ध्वनिफिती १९९१ च्या सुमारास आणि ‘जर्नीज बाय डीजे’ ही मालिका १९९२-९३ मध्ये सुरू झाली. ‘जर्नीज’मधील कोल्डकट यांचे ‘सेव्हन्टी मिनिट्स ऑफ मॅडनेस’ (१९९५) अनेक समीक्षकांना या संपूर्ण प्रकारातील सर्वोत्तम वाटते. ते टेक्नोपुरते मर्यादित नाही.

टेक्नो संकलनांचे एक केंद्र बर्लिन झाले ते स्टुडिओ के-सेव्हन या कंपनीमुळे. १९९३ पासून तिने ‘एक्स-मिक्स’ ही मालिका काढली. संगणकचित्रांची व्हिडिओफीत आणि तिच्याच जोडीचे ध्वनिसंकलन असे तिचे स्वरूप होते. लॉराँ गार्निए, रिची हॉटिन व जॉन ॲक्वाविवा, डीजे हेल, केन इशी, केव्हिन सॉन्डरसन यांनी तिच्यासाठी काम केले. चित्रे आज जुनाट वाटतात, संगीत तितकेसे नाही. १९९५ मध्ये त्याच कंपनीने सुरू केलेल्या ‘डीजे-किक्स’चे पहिले संकलन सी. जे. बोलंड यांचे होते. आरंभी टेक्नोकेंद्री असलेली ही मालिका पुढे सर्वसमावेशक झाली.

जपानमध्ये सोनीच्या ‘मिक्स-अप’ मालिकेतील जेफ मिल्स यांचे संकलन (१९९६) टेक्नोपुरते निर्णायक ठरले. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी टोकियोतील शिंजुकू भागातल्या लिक्विड रूममध्ये केलेले हे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण आहे. सु. सत्तर मिनिटांत पस्तीसहून अधिक रचना येऊन जातात. लोकांचा ओरडा, सुईची खरखर आणि क्षणभर घसरलेले ठेकेही तसेच ठेवले आहेत. ब्रिटनमध्ये ते रिॲक्ट कंपनीने काढले. ज्यांना मिश्रण म्हणजे हाताचे कसब वाटते, ते हेच उदाहरण पुढे करतात.

दुसऱ्या टोकाला रिची हॉटिन उभे आहेत. ‘डेक्स, इएफएक्स अँड ९०९’ (१९९९) मध्ये त्यांनी टर्नटेबलांना ध्वनिपरिणाम यंत्रे व टीआर-९०९ तालयंत्राची जोड दिली. ‘डीई९ : क्लोजर टू द एडिट’ (२००१) मध्ये तर शंभराहून अधिक रचनांचे संगणकावर तुकडे करून त्यांतील तीनशेच्या आसपास आवर्तने (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) पुन्हा विणली. येथे मूळ रचना ओळखू येणे हा हेतूच उरत नाही. काहींनी याला संकलन मानण्यास नकार दिला आहे. परंतु निवड, परवाना व अखंडता हे तिन्ही निकष ते पाळते, त्यामुळे ते या प्रकारात धरणे योग्य ठरेल.

टेक्नो आणि इलेक्ट्रो यांना समान वजन देणारे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ब्रायटनचे डेव्ह क्लार्क यांचे ‘वर्ल्ड सर्व्हिस’ (रिॲक्ट, २००१). दोन सीडींपैकी एक पूर्णपणे टेक्नोची, दुसरी पूर्णपणे इलेक्ट्रोची. क्लार्क यांनी १९९६ मध्येच ‘एक्स-मिक्स’ मालिकेत ‘इलेक्ट्रो बूगी’ हे संकलन केले होते, आणि १९९४-९५ मधील ‘रेड’ तबकड्यांमुळे टेक्नोचे निर्माते म्हणूनही त्यांचे नाव झाले होते. २००१ च्या सुमारास इलेक्ट्रोक्लॅश या उपप्रकाराची चलती होती. क्लार्क यांनी दोन्ही धारा एकाच सीडीवर कालवल्या असत्या, तर संकलन त्या लाटेबरोबर आले आणि गेले असते. वेगळ्या ठेवल्यामुळे वर सांगितलेला ठेक्यातील फरक शेजारी-शेजारी ऐकता येतो. दुसरा भाग २००५ मध्ये आला.

लंडनच्या फॅब्रिक क्लबने २००१ पासून दोन समांतर मालिका आळीपाळीने दरमहा, पत्र्याच्या डब्यांत घालून काढल्या. प्रत्येकी शंभर संकलने पूर्ण झाल्यावर २०१८ मध्ये त्या थांबल्या. त्यातील ३६ व्या भागात (२००७) रिकार्डो व्हिलालोबोस यांनी केवळ स्वतःच्या व सहकाऱ्यांसोबतच्या रचना वापरल्या, आणि संकलन कोठे संपते व स्वतंत्र अल्बम कोठे सुरू होतो, हा प्रश्न उभा केला.

परवाने : प्रत्येक रचनेसाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि संगीतरचनेच्या हक्कधारकाची अशा दोन परवानग्या लागतात. क्लबमध्ये वाजवलेली रात्र जशीच्या तशी सीडीवर येणे म्हणूनच दुर्मिळ. एक नकार आला की त्या रचनेच्या दोन्ही बाजूंचे सांधे मोडतात. बेल्जियमच्या टू मेनी डीजेज यांच्या २००२ मधील संकलनासाठी १८७ रचनांची परवानगी मागितली गेली आणि ११४ मिळाल्या. टेक्नोच्या छोट्या कंपन्यांशी व्यवहार तुलनेने सोपा असे, कारण बहुतेकदा निर्माता, मालक आणि फोन उचलणारा एकच असे.

भारतातील संदर्भ : गोव्यात हणजूण परिसरातील किनारी मेजवान्यांमध्ये १९८० च्या दशकात परदेशी डीजे इलेक्ट्रॉनिक संगीताची मिश्रणे करीत, पण उष्णता व धुळीमुळे विनाइलऐवजी ध्वनिफिती आणि पुढे डॅट (अंकीय ध्वनिमुद्रणाच्या) फिती वापरत. गाण्याचा भाग कापून वाद्यांची आवर्तने लांबवलेल्या फिती आधीच तयार केल्या जात. त्यातून गोवा ट्रान्स घडला. टेक्नो संकलनांशी त्याचे नाते शेजारधर्माचे आहे. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्ड यांचे ‘गोवा मिक्स’ १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर प्रसारित झाले. मुंबईचे चरणजित सिंग यांचा १९८२ मधील रागाधारित सिंथेसायझर अल्बम या संदर्भात अनेकदा पुढे केला जातो, मात्र ती एका वादकाची स्वतंत्र निर्मिती आहे. मराठीत ‘नॉनस्टॉप’ म्हणून खपलेल्या कोळीगीतांच्या ध्वनिफितींत गाणी सलग गाऊन घेतलेली असतात, म्हणून त्यांचे वर्गीकरण जेम्स लास्ट यांच्या बाजूला करावे लागेल. वराती-मिरवणुकांसाठी फिरणारी ‘डीजे मिक्स’ मिश्रणे बहुधा परवान्याविना होतात.

उत्तरकाळ : साउंडक्लाउड व मिक्सक्लाउड ही ध्वनी-प्रसारणाची संकेतस्थळे आणि डीजेंची सादरीकरणे इंटरनेटवर दाखवणारे २०१० पासूनचे बॉयलर रूम यांमुळे मिश्रणे विनामूल्य उपलब्ध झाली व सीडी संकलनांची विक्री घसरली. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये शझॅमच्या ध्वनी-ओळख तंत्राने मिश्रणातील रचना ओळखून त्यांच्या हक्कधारकांना मोबदला पोचवण्याची व्यवस्था जाहीर केली. जुनी संकलने मात्र स्ट्रीमिंग सेवांवर अनेकदा अपुरी सापडतात : मूळ परवाने ठरावीक मुदतीचे व सीडीपुरते होते, आणि मधली एखादी रचना गाळली गेली की तिच्या आधीचा सांधा अर्ध्यातच तुटतो.